अप्पांची दुर्बीण आणि माळावरचा हूम

माझे वडील साखर कारखान्याच्या प्रयोगशाळेत केमिस्ट होते. आम्ही त्यांना अप्पा म्हणायचो. आमचं घराणं मूळचं घाटनांदूरचं, किराणा आणि भुसार मालाच्या दुकानदारीचं. थोरल्या काकांनी दुकान सांभाळलं. अप्पा अंबाजोगाईला शिकले, नोकरी लागून कड्याला आले आणि तिथलेच झाले. उसाच्या रसात साखर किती आहे ते पाहायला प्रयोगशाळेत एक लांब नळीचं यंत्र असायचं. एका टोकाला डोळा लावायचा आणि आतला उजेड जुळवत बसायचं. अप्पांनी नोकरीभर तेच केलं. नळीला डोळा लावायची सवय त्यांना तिथूनच लागली असावी.

निवृत्तीच्या आधी दोन-तीन वर्षं त्यांनी दुर्बीण करायला घेतली. पुण्याहून सहा इंच रुंदीच्या दोन जाड काचा आणल्या. मागच्या अंगणात पाण्यानं भरलेलं पिंप उभं केलं, त्यावर एक काच बसवली आणि तिच्यावर दुसरी काच ठेवून मध्ये खरवडायची पूड टाकून ते घासत राहिले. घासता घासता पिंपाभोवती फिरायचं, म्हणजे काचेला सगळीकडून सारखी खोली येते. असं चार-पाच महिने चाललं. आई तेव्हा होती. ती म्हणायची, "एवढ्या प्रदक्षिणा देवळात घातल्या असत्या तर पुण्य तरी लागलं असतं." अप्पा म्हणायचे, "देऊळ कुठं पळून चाललंय?" मग त्या काचेचा आरसा झाला, पत्रेवाल्यानं चार फुटांची नळी वळून दिली, सुतारानं खालचा खोका केला. शेपटीचा तारा आला होता त्या वर्षी आमच्या गच्चीवर अर्धी आळी येऊन गेली.

नंतर आई गेली. माझं लग्न तीन वर्षांत मोडलं आणि मी कड्याला परत येऊन हायस्कूलवर सायन्स शिकवू लागले. त्याच सुमारास अप्पांना जिन्याच्या पायऱ्या चुकू लागल्या. शेजारी उभं राहिलेलं माणूस त्यांना दिसायचं नाही, ताटातली चटणी दिसायची आणि भाकरी दिसायची नाही. नगरच्या डॉक्टरांनी काचबिंदू सांगितला. गेलेली नजर परत येणार नाही, उरलेली किती दिवस टिकवता येईल तेवढं बघायचं. डॉक्टर मला बाजूला घेऊन म्हणाले, "त्यांना आता नळीतून बघितल्यासारखं दिसतं, आणि ती नळी बारीक होत जाणार."

अप्पांना मी ते सांगितलं नाही. पण त्यांना कळलेलं होतं. त्यांनी एक दिवस दुर्बिणीवर पोतं टाकलं आणि म्हणाले, "तारे गेले माझे."

त्यानंतर बरेच दिवस ते गच्चीवर गेलेच नाहीत. मग एका सकाळी मी कपडे वाळत घालायला गेले तर ते दुर्बीण आडवी करून कारखान्याच्या बाजूच्या विजेच्या तारेकडे लावून बसले होते. भर उजेडात, नेमकं मधोमध ठेवलं तर त्यांना अजून दिसत होतं. तारेवर एक कोतवाल पक्षी होता. या दुर्बिणीत सगळं उलटं दिसतं. चंद्र उलटा दिसला तर कुणाचं काही बिघडत नाही, पण कोतवाल डोकं खाली करून तारेला लोंबकळतो आणि डावीकडे सरकला की आत उजवीकडे पळतो. अप्पा त्याच्या मागे लागायचे आणि तो हरवायचा. त्यांची आधीच बारीक झालेली नजर, त्यात दुर्बिणीची बारीक नजर. दहा मिनिटांतनं एखादा क्षण तो सापडायचा.

माझा धाकटा भाऊ पुण्याला कॉम्प्युटरच्या कंपनीत लागला होता. कंपनीनं त्याला अमेरिकेला पाठवलं आणि येताना त्यानं एक डिजिटल कॅमेरा आणला. घरात एक जुना कॉम्प्युटरही त्यानंच आणून ठेवला होता. कॅमेरा माझ्या हातात देऊन तो म्हणाला, "अप्पांचे फोटो काढ, मोठे करून बघता येतात." मोबाइलमध्ये कॅमेरा यायच्या आधीची ही गोष्ट आहे. रोल नाही, धुणं नाही, काढला की लगेच दिसतो, याचंच तेव्हा नवल होतं.

मला जे सुचलं ते काही मोठं नव्हतं. अप्पा ज्या छोट्या भिंगाला डोळा लावायचे त्या आयपीसला मी डोळ्याऐवजी कॅमेरा लावला. कॅमेऱ्याच्या पडद्यावर काळ्या अंधारात मधोमध एक उजेडाचा गोल आला आणि त्या गोलात कारखान्याची चिमणी उलटी उभी होती, तिच्या विटांच्या फटी मोजाव्यात इतकी जवळ. मी बटण दाबलं. फोटो हलला. पुढचे वीस हलले. पण बाविसावा मी कॉम्प्युटरवर घालून सुलटा केला, मोठा केला आणि अप्पांना खुर्चीवर बसवलं. त्यांनी नाक पडद्याला टेकवलं आणि डोकं हळूहळू फिरवत चित्र तुकड्या-तुकड्यानं वाचलं. चिमणीच्या कडेला एक साळुंकी बसलेली होती. तिच्यापाशी येऊन ते थांबले.

"डोळ्याभोवतीचं पिवळं दिसतंय," ते म्हणाले.

त्या पावसाळ्यात आम्ही दोघं दुसरं काही केलं नाही म्हटलं तरी चालेल. हातात कॅमेरा धरून भागत नव्हतं. ठिबकच्या दुकानातून पाइप जोडायचा प्लास्टिकचा तुकडा आणला, एका तोंडानं रुंद, दुसऱ्या तोंडानं अरुंद. अरुंद तोंड आयपीसवर बसवलं, आतून सायकलच्या ट्यूबचं रबर लावलं, आणि रुंद तोंडात कॅमेऱ्याचं भिंग घुसवलं. कॅमेऱ्याच्या वजनानं ते खाली ओघळायचं, म्हणून वेल्डिंगवाल्याकडून काटकोनाची पट्टी करून घेतली. काळा गोल घालवायला कॅमेऱ्याचा झूम थोडा पुढे घ्यावा लागतो हे आम्हाला महिनाभरानं कळलं. बोटानं बटण दाबलं की सगळी नळी थरथरायची. तेव्हा स्टुडिओवाल्यानं त्याच्या जुन्या कॅमेऱ्याची बटण दाबायची वायर दिली आणि अप्पांनी हातानं चाचपत ती पट्टीवर बसवली. एवढं करूनही बटण दाबल्यावर कॅमेरा क्षणभर विचार करत बसायचा, आणि तेवढ्यात वेडा राघू उडून जायचा. रिकाम्या तारेचे आमच्याकडे शेकड्यानं फोटो होते. पण त्यातनं आठवड्याला एखादा पक्षी मिळायचा. अप्पा तो दिवसभर बघायचे. ते आनंदात होते असं मी म्हणणार नाही. रोज सकाळी उठून ते आधी स्वतःचा हात डोळ्यांसमोर धरून बघत, कालच्याइतका दिसतोय का. पण आता ते कशाची तरी वाट बघत होते.

आमच्या मागच्या रानात पावसाळ्यात एक धनगर मेंढरं बसवायचा. वय साठीच्या आसपास. मी त्यांना मामा म्हणायची. मेंढरं शेतात बसवली की शेताला खत होतं, म्हणून शेतमालकच त्यांना बोलवायचे. मामा पाण्याची घागर भरायला आमच्याकडे यायचे. एक दिवस ते दारात उभे राहून कॉम्प्युटरवरचा खाटीक पक्षी बघत राहिले. बराच वेळ.

"ह्यो त्या नळीतनं काडला?"

"हो."

"मंग ह्यानं हूम दिसंल का? तो लई लांब ऱ्हातो. मानूस दिसलं की चालू लागतो."

अप्पा खुर्चीत वळले. हूम म्हणजे माळढोक. उंच, माणसाच्या कमरेला लागेल एवढा, मानेवर पांढरा, डोक्यावर काळी टोपी. अप्पांनी तो नोकरीच्या पहिल्या वर्षी आष्टीकडच्या माळावर एसटीतनं पाहिला होता. नंतर कधीच नाही. ते धरून चालले होते की आपल्याकडचा माळढोक संपला.

"कधी पाहिलात?" त्यांनी विचारलं.

"परवा. एकच हाय, मादी असंल. दरसाली पोळ्याच्या आगंमागं येती. पर औंदा शेवटचंच म्हना."

"कावून?" अप्पांनी त्यांच्याच बोलीत विचारलं.

मामांनी सांगितलं की त्या माळावर सरकारी यंत्रं येणार आहेत. चर खणणार, झाडं लावणार, भोवती कुंपण. गावच्या चावडीवर कागद लागला होता. मेंढरांना बंदी. तो माळ उजाड म्हणून कागदावर होता. गवताचा माळ म्हणजे उजाड जमीन, हे कुणी ठरवलं कोण जाणे. पण तसंच लिहिलेलं होतं.

दुसऱ्या दिवशी अप्पांनी मला अर्ज सांगितला. या माळावर दुर्मिळ आणि संरक्षित पक्षी आहे, तरी येथे चर खणू नयेत. मी तो बीडला जाऊन वनखात्याच्या कार्यालयात दिला. तिथले साहेब सभ्य होते. त्यांनी अर्ज वाचला आणि म्हणाले, "असेल तर आम्हालाही आनंदच आहे. पण नुसत्या अर्जावर काम थांबत नाही. फोटो आणा."

मी घरी आले तेव्हा अप्पा ओट्यावर बसून होते. पावलं ऐकूनच त्यांनी विचारलं, "फोटो मागितला ना?" त्यांना तेच हवं होतं.

इथं एक गोष्ट सांगायला हवी, जी मला आजही सांगावीशी वाटत नाही. मी पेपरात वाचलं होतं की शेजारच्या जिल्ह्यात माळढोकासाठी जमीन राखीव केली, तिथं मेंढरं चारायला मनाई झाली आणि लोक चिडलेले आहेत. म्हणजे आमचा फोटो निघाला तर चर थांबतील, पण मामांची मेंढरंही थांबतील. मी हे अप्पांना सांगितलं.  ते म्हणाले, "आधी पक्षी तर दिसू दे. पुढचं पुढं." मी मामांना काही सांगितलं नाही. ते आम्हाला पक्षी दाखवायला घेऊन जाणार होते, आणि मी गप्प राहिले.

दुर्बिणीचा पत्रा उन्हात चमकायचा म्हणून तिला शेणमातीचा हात दिला आणि वरून पोतं शिवलं. मामांच्या घोडीवर एका अंगाला ती नळी आणि दुसऱ्या अंगाला खोका असं लादायचं ठरलं. निघायच्या सकाळी, झुंजुमुंजू असताना, मामा घोडी घेऊन दारात आले. सामान लादून झालं. दोर आवळता आवळता ते माझ्याकडे न बघता म्हणाले,

"बाई, पावना आलता काल. खालच्या जिल्ह्यातला. त्यो म्हनला, हूम घावला की सरकार मेंढरू फिरकू देत न्हाई. खरं हाय का?"

मी म्हटलं, "खरं आहे मामा."

"तुमाला ठावं व्हतं?"

"हो."

ते दोराची गाठ मारत राहिले. अप्पा ओट्यावर काठी धरून उभे होते, त्यांना हे ऐकू येत होतं. मला वाटलं आता मामा सामान उतरवतील. त्यांनी उतरवलं असतं तर बरं झालं असतं असंही वाटलं.

"सांगायला पायजे व्हतं," ते म्हणाले. "यंत्र आलं तरी आमी भाईर. हूम घावला तरी आमी भाईर. मंग निदान त्यो तरी ऱ्हावा. चला, ऊन व्हतंय."

 अप्पांना मी माझ्या स्कूटरवर मागे बसवून माळाच्या कडेपर्यंत नेलं आणि तिथून हात धरून चालवलं.

माळ म्हणजे नुसता उतार आणि गुडघ्याएवढं गवत. मधून एखादी बोर. एका बोरीच्या आड आम्ही खोका मांडला. मामा पुढे जाऊन पालथे पडून बघायचे आणि हातानं खूण करायचे. पहिल्या दोन दिवसांत काही नाही. तिसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी हात उभा धरला आणि बोटानं लांब दाखवलं. मला गवताशिवाय काही दिसेना. दुर्बिणीत सगळं उलट, त्यामुळे आत उजवीकडे दिसलेलं मधोमध आणायला नळी डावीकडे न्यावी लागायची. शेवटी एक बोर सापडली, तिच्या बाजूला एक दगड, आणि त्या दगडाला मान होती.

मी अप्पांना डोळा लावायला सांगितलं. त्यांनी आधी एक डोळा, मग दुसरा लावला. म्हणाले, "उजेड दिसतोय. बाकी काही नाही." मग लगेच, "माझ्यात वेळ घालवू नकोस. कॅमेरा लाव."

मी प्लास्टिकचा तुकडा बसवला, पट्टी आवळली. एवढ्या वेळात ती दहा पावलं चालली होती. पुन्हा शोधली. ऊन वर आलं होतं आणि माळावरून वाफ उठायला लागली होती. त्या वाफेत तिचे पाय पाण्यात असल्यासारखे हलत होते. पण मान स्थिर होती. डोक्याची काळी टोपी, पांढरट मान, पाठीवरचा तपकिरी रंग, सगळं पडद्यावर होतं. मी वायर दाबली. परत दाबली. कार्ड भरेपर्यंत दाबत राहिले. मग ती खाली वाकली आणि गवतात गेली.

घरी येऊन कॉम्प्युटरवर पाहिलं. चाळीसभर फोटोंतले तीन चांगले होते. त्यातला एक फारच चांगला. अप्पा पडद्याला नाक लावून तासभर बसले. मामा मागे उभे होते. "हीच," ते म्हणाले. "हीच ती."  त्या संध्याकाळी मी शिरा केला होता हे आठवतं. मी जे सांगायचं टाळलं होतं त्याबद्दल मामांनी पुन्हा कधीच विचारलं नाही, त्यामुळे मला माफी मागायची संधीही मिळाली नाही.

फोटो नगरला जाऊन मोठा छापून आणला आणि बीडला नेला. साहेबांनी तो खिडकीपाशी नेऊन पाहिला. मला चहा सांगितला.

"मॅडम, हा चांगला आहे. याची निगेटिव्ह कुठंय?"

"डिजिटल आहे सर. त्याला निगेटिव्ह नसते."

"मग हा पुरावा कसा धरायचा?" त्यांचा आवाज भांडणाचा नव्हता. "माझा पोरगा कॉम्प्युटरवर स्वतःला हत्तीवर बसवतो. उद्या वरून कुणी विचारलं की हा पक्षी कशावरून याच माळावरचा, तर मी काय दाखवू? निगेटिव्ह असली की कुणाला बोलता येत नाही. तुम्ही रोलवर काढून आणा. मी फाइल तोवर उघडी ठेवतो."

मी म्हटलं, "तुमचं कुणी माणूस बघायला पाठवा."

"पाठवू. माणसं कमी आहेत. लिहून ठेवतो."

येताना एसटीत मी तो मोठा फोटो मांडीवर धरून बसले होते. शेजारच्या बाईनं विचारलं, "बगळा हाय का?" मी हो म्हटलं.

रोलचा कॅमेरा स्टुडिओवाल्याकडून मिळाला. पण तो जड होता. आमचा प्लास्टिकचा जोड त्याच्या वजनानं निखळायचा, आणि आयपीसच्या मागे तो धरला तर आत अंधार. एकच रस्ता होता. आयपीस काढून टाकायचा, कॅमेऱ्याचं भिंगही काढायचं आणि दुर्बिणीचं चित्र सरळ रोलवर पाडायचं. तसं केलं तर चित्र रोलपर्यंत पोचेना, दोन इंच आतच अडकून राहायचं. आरसा दोन इंच पुढे घ्यायला हवा होता. आणि आरसा ज्या लाकडी तबकडीवर होता ती अप्पांनी पत्र्याला रिव्हेट मारून कायमची बसवलेली होती.

"मागून दोन इंच काप," अप्पा म्हणाले.

"अप्पा, ती परत जुळायची नाही."

"कुणाला बघायचंय आता आकाश? काप."

पत्रेवाल्यानं कापली. मी आरसा काढून गादीवर ठेवला होता. अप्पा त्याच्याजवळ बसून राहिले, कुणाचा पाय लागू नये म्हणून. आरसा परत बसवल्यावर तो जुळवायला मला आठ दिवस लागले. हे काम अप्पांचं होतं. तीन स्क्रू असतात, एक पिळला की दुसरा बिघडतो. ते शेजारी बसून सांगायचे, "आता डावीकडचा, पाव फेरा," आणि मी पिळायची, आणि मला जे दिसतंय ते मी त्यांना शब्दांत सांगायची, आणि त्यांना ते नीट कळायचं नाही. पूर्वीसारखी धार त्या दुर्बिणीला पुन्हा आली नाही. तरी चालण्यासारखी झाली.

आम्ही माळावर परत गेलो तेव्हा यंत्रं आलेली होती.

वरच्या अंगाला दोन पिवळी यंत्रं चर खणत होती. लाल मातीच्या रांगा उतारावर आडव्या पडलेल्या. मामा कडेला मेंढरं घेऊन उभे होते.

"यंत्राचा आवाज आला त्याच सकाळी उडाली," ते म्हणाले. "उगवतीकडं गेली. म्या बगत ऱ्हायलो, पार दिसंनाशी होस्तवर."

तरीही आम्ही गेलो. खालच्या अंगाला अजून गवत होतं. मी शाळेतून रजा काढली होती, रोज अप्पांना घेऊन जायची. त्या बोरीच्या आड बसायचं, नळी फिरवत राहायचं, यंत्रांचा आवाज ऐकायचा. रोज एक चर जवळ यायचा. मी बीडला फोन केला. साहेब दौऱ्यावर होते. परत केला, फाइल वर पाठवली आहे असं कळलं. वर म्हणजे कुठं, ते फोनवरच्या माणसाला माहीत नव्हतं.

सहाव्या दिवशी अप्पांनी माझा दंड धरला. ते उघड्या डोळ्यांनी समोर बघत होते.

"ती बघ," ते म्हणाले. "आली. तिकडं, बोरीच्या डाव्या हाताला. मान वर केलीय."

मी दुर्बिणीतून पाहिलं. बोरीच्या डाव्या हाताला चरातनं निघालेल्या मातीचा ढीग होता आणि त्यात कुणीतरी आखणीची काठी रोवली होती. मी अप्पांकडे पाहिलं.  घोडी धरून मागे बसलेले मामाही माझ्याकडे बघत होते, त्यांना काय दिसतंय ते मला माहीत होतं.

"दिसली का?" अप्पांनी विचारलं.

मी म्हटलं, "हो," आणि बटण दाबलं. रोलच्या कॅमेऱ्याचं बटण मोठ्यानं वाजतं. तो आवाज त्यांना ऐकू जावा म्हणून मी ते पुन्हा पुन्हा दाबलं, रोल संपेपर्यंत.

रोल धुवून आला. छत्तीस वेळा तोच मातीचा ढीग, तीच काठी. अप्पांनी विचारलं तेव्हा मी सांगितलं की जरा धूसर आलाय, कार्यालयात चालणार नाही. ते "बरं" म्हणाले. त्यांनी विश्वास ठेवला की नाही मला कधीच कळलं नाही. त्यांनी निगेटिव्हची पट्टी मागून घेतली, खिडकीतल्या उजेडासमोर धरली, बोटांनी तिच्या कडेची भोकं चाचपली आणि मला परत दिली. पुढच्या उन्हाळ्यापर्यंत त्यांना उजेड आणि अंधार एवढंच उरलं, आणि त्याच्या पुढच्या वर्षी तेही नाही. त्यानंतर ते चार वर्षं जगले. कॉम्प्युटर सुरू केला की त्याच्या पंख्याचा आवाज यायचा, तो ऐकून ते विचारायचे, "काय बघतेस?" मी म्हणायची, "पेपर तपासतेय."

कार्यालयाचं उत्तर आलं होतं. पावसाळा संपल्यावर, दिवाळीच्या आधी. आपल्या अर्जान्वये स्थळपाहणी केली असता सदर ठिकाणी नमूद पक्षी आढळून आला नाही. ते खोटं नव्हतं. माळाची पाहणी झाली तेव्हा तिथं पक्षी नव्हताच, माळही नव्हता.

दुर्बीण मी हायस्कूलला दिली. आरशावर आता बुरशीसारखे डाग आलेत. मुलांना कधी ग्रहण दाखवायचं म्हटलं तर तिचा उपयोग होत नाही. मी पुठ्ठ्याला भोक पाडून सावलीत दाखवते, त्यांना तेच आवडतं.

मामांनी मेंढरं विकली. चरायला जागाच उरली नव्हती. हे मला बाजारात कळलं. आमच्या घरी ते नंतर आले नाहीत. अप्पा गेले तेव्हाही ते आले नव्हते, किंवा आले असतील तर गर्दीत मला दिसले नाहीत.

अप्पांचं वर्षश्राद्ध झाल्यावर मी एकटीच स्कूटर घेऊन त्या माळाकडे गेले. का गेले ते सांगता येणार नाही. भोवती तारेचं कुंपण होतं. आत रांगांनी लावलेली झाडं, बहुतेक गुडघ्याएवढीच राहून वाळलेली, चरांमध्ये गाजरगवत. फाटकापाशी पत्र्याची एक छपरी होती आणि तिथं मामा बसले होते. अंगात खाकी शर्ट, हातात काठी. त्यांना झाडांची राखण करायला ठेवलं होतं. आत कुणाची मेंढरं घुसू नयेत म्हणून.

त्यांनी मला ओळखलं. उठून उभे राहिले. अप्पांचं विचारलं, मी सांगितलं. "कानावर आलतं," ते म्हणाले.

मी विचारलं, "पुन्हा कधी दिसली का?"

"न्हाई."

मी म्हटलं, जरा आत जाऊन त्या बोरीपर्यंत बघून येते. त्यांनी फाटकावर हात ठेवला. हात काढला. परत ठेवला.

"बाई, आज नगा. साहेब येनार हायती. कुनाला आत सोडू नगो म्हनलेत."

"बरं," मी म्हटलं. त्यांनी छपरीतल्या मडक्यातलं पाणी मला दिलं. ते पिऊन मी स्कूटर वळवली.